आबांनी बोलता केलेला राक्षस

परवा माझा नातू मला एक नवा सिनेमा दाखवत होता. समुद्रातून डोंगराएवढं जनावर उठतं, त्याचा एकेक खवला वेगळा दिसतो, अंगावरून पाणी अगदी खऱ्यासारखं ओघळतं, आणि मी पंधराव्या मिनिटाला घोरायला लागले. नातू रुसला. आजी, तुला भीतीच वाटत नाही, म्हणाला. वाटते रे बाबा, पण त्यासाठी जनावर रबराचं लागतं, त्याच्या पाठीला शिवण दिसावी लागते, आणि शेजारी आबा बसलेले असावे लागतात. यातलं पहिलं आता कुणी करत नाही आणि शेवटचं कुणाच्या हातात नाही. दिंडोलीच्या या फ्लॅटमध्ये मोठा टीव्ही आहे, पंखा आहे, बसायला मऊ सोफा आहे. सगळं आहे, म्हणूनच झोप लागते.

ते जुने सिनेमे वाईट होते, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे उगाच वाद नको. समुद्र म्हणून दाखवायचे ते हौदातलं पाणी असायचं. जहाज खेळण्यातलं. राक्षस बुडी मारायचा तेव्हा पाण्याचे थेंब त्याच्या डोळ्याएवढे उडायचे. म्हणजे एक तर थेंब राक्षसी किंवा राक्षस वीतभर, यातलं काय ते सांगायला शाळा शिकावी लागत नाही. राक्षस यायचाही किती उशिरा. आधी अर्धा सिनेमा कोट घातलेली माणसं एका खोलीत नकाशासमोर उभी राहून बोलायची, मग एक बाई खिडकीपाशी जाऊन किंचाळायची, मग पुन्हा खोली, पुन्हा नकाशा. शेवटी एकदाचा तो उठायचा आणि पूल मोडायचा. तोच पूल थोड्या वेळाने परत मोडायचा, कारण त्यांच्याकडे तेवढंच चित्र असावं. आणि तरीही उठण्याआधी पाणी जे गप्प व्हायचं, दूर कुठेतरी जहाजाचा भोंगा वाजायचा आणि पाण्याखालून काळं काही सरकायचं, तेव्हा माझ्या पोटात जो खड्डा पडायचा तसा पुढे लग्नातसुद्धा पडला नाही.

आम्ही तेव्हा इथून जवळच, तापीच्या मुखाकडच्या उधन्याला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, लूमच्या कारखान्यात कारीगर. गल्लीत आमच्यासारखीच धुळ्या-नंदुरबारकडून आलेली घरं, मध्ये मध्ये वऱ्हाड-मराठवाड्याची. एक खोली, मागे मोरी, पुढे ओटा. ओट्यावर माय साड्यांच्या मागचे सुटे धागे कापत बसायची, त्यामुळे आमच्या भाकरीतसुद्धा कधीमधी रंगीत धागा निघायचा. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. सुट्टीच्या दिवशी शेवभाजी. शेवभाजीला माय तिखटाचा हात सैल सोडायची आणि आबा घाम पुसत, नाक ओढत, एक शब्द न बोलता चौथी भाकरी मागायचे, तीही बोटानेच. गल्लीच्या दोन्ही टोकांना कारखाने होते. खाडखाड, खाडखाड, दिवसभर. ती थांबली की आम्हाला कळायचं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. गावाहून पाहुणे आले की पहिल्याच दिवशी विचारायचे, तुमची भांडणं चालली आहेत का.

कारखान्यात मात्र ओरडूनही उपयोग नसायचा. दुपारी मी आबांचा डबा घेऊन जायची तेव्हा दारातच कानात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. मागांवर आडवं सूत नेणारे शेकडो धोटे एकाच वेळी इकडून तिकडे आपटत असायचे. तिथे माणसं ओठांनी बोलायची. आवाज काढायचा नाही, फक्त तोंड नीट हलवायचं, जोडीला हाताची खूण. बिडी आहे का, सुताची कांडी संपली, शेठ आला, तुझ्या सासऱ्याचं पत्र आलं का, सगळं असंच. आम्हा पोरांनाही ते आपोआप यायचं. शाळेत मास्तर फळ्याकडे वळले की आम्ही लूमवाल्यांची पोरं आवाजाशिवाय अख्खी भांडणं उरकायचो. पण आबांसारखं कुणालाच जमायचं नाही. चार रांगा पलीकडे कोण कुणाला काय शिवी देतो आहे हे ते जाग्यावरून सांगायचे. म्हणून कारखान्यात भांडण झालं की साक्षीला आबांना बोलवायचे.

गल्लीत व्हिडिओ आणला तो गोविंदकाकांनी. ते बुलढाण्याकडचे, आबांच्याच कारखान्यात, आणि त्यांची कमल माझ्या वर्गात. काकांचा मेहुणा मगदल्ल्याच्या बंदरावर कामाला होता. तिथे कुण्या जहाजावरच्या माणसांनी टाकून दिलेल्या कॅसेटींचं पोतं त्याने आणून दिलं. त्यात काय असेल तर हेच सगळं. आठ हातांचा राक्षस, खेकड्यासारखा राक्षस, पाल फुगून झालेला राक्षस. सगळे समुद्रातून येणारे आणि सगळे इंग्रजीत. जहाजावरच्या माणसांनी समुद्रावर बसून समुद्रातल्या राक्षसाचे सिनेमे का पाहावेत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सुट्टीच्या दुपारी काका खिडक्यांना मागावरून उतरलेलं कोरं कापड दुहेरी करून लावायचे, खोलीत अंधार व्हायचा, आणि पंचवीस-तीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची. बायका दाराजवळ, कारण चुलीवर काहीतरी ठेवून आलेल्या असायच्या.

इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. तेव्हा गोविंदकाकांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली, आणि गंमत म्हणजे साऱ्या गल्लीला ती पटली. ओठ वाचणारा माणूस आपल्याकडे आहे, मग अडलंय कुठे? ओठ ते ओठ. साहेबाचे असले म्हणून काय झालं. आबांना टीव्हीच्या शेजारी पाट देऊन बसवलं गेलं. दुसरा कुणी असता तर पहिल्यांदा गोंधळला असता. एकतर ती भाषा वेगळी, आणि दुसरं म्हणजे त्या सिनेमांतल्या माणसांचे ओठ एका मुलखाचे आणि आवाज दुसऱ्या मुलखाचा असायचा. तोंड मिटलं तरी आवाज चालूच. हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं की आबांनी थोडा वेळ चष्मेवाल्या शास्त्रज्ञाच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, मान हलवली, आणि मग गंभीर आवाजात सांगितलं, "शेठ, मी तुम्हले पहिलेच सांगेल व्हतं, त्यानी जागावर कारखाना बांधू नका."

त्याच्या, म्हणजे राक्षसाच्या जागेवर. खोलीत हुंकार उठला. त्या दिवसापासून चष्मेवाला कारीगर झाला आणि टोपीवाला कप्तान शेठ. किंचाळणारी बाई शेठची पोर, तिला कारखान्यातल्या मास्तराशी, म्हणजे मुकादमाशी, लग्न करायचं होतं. आणि राक्षस? राक्षसाला तर मूळ सिनेमात नुसतं डरकाळण्याचंच काम. आबांनी त्यालाही बोलतं केलं. तो तापीच्या वरच्या अंगाचा, आमच्याच मुलखाचा होता. कधीकाळी पुरात वाहत वाहत समुद्रात गेला आणि आता त्याला परतीची वाट सापडत नव्हती. पूल मोडायचा तो रागाने मोडायचा नाही. खालून वाट काढायला गेला की पूल पाठीला लागायचा. रबरी तोंड उघडलं की आबा त्याच्यासाठी खर्जातला आवाज काढायचे, "भो, वाट सांगा माले कोनी." कोणीतरी वाट सांगा मला. मागे बसलेली एखादी म्हातारी डोळ्यांना पदर लावायची.

खोट्या गोष्टी आमच्या माणसांना दिसत नव्हत्या असं मुळीच नाही. उलट जन्मभर ताण्यातली तुटलेली तार शोधणारी नजर ती. राक्षसाचा हात वर उचलला गेला की अर्धी खोली एकदम म्हणायची, "तार दिसी राहिनी." सिनेमावाल्यांना वाटलं असेल, कोण बघतंय. त्यांना काय ठाऊक की उधन्यात तीस कारीगर बसून कापडाची तपासणी करतील. पण तार दिसली म्हणून कुणी उठून गेलं नाही. तार दिसली की हसायचं आणि आबा बोलायला लागले की गप्प व्हायचं, असा रिवाजच पडला. मला तर शाळेत कमलपेक्षा दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं. माझा बाप इंग्रजी वाचतो, तेही ओठांवरून. गल्लीतून जाताना लोक म्हणायचे, ही भिकाभाऊंची शोभा. सुट्टीच्या दुपारी आबा पाटाकडे जाताना मला डोळ्यांनी खुणावून पुढे बसवायचे. हे सगळं लिहिताना मला आत्ता या क्षणी त्या खोलीत जाऊन बसायचं आहे. घामाचा वास, कोऱ्या कापडाचा खळीचा वास, कुणाच्या तरी पदरातल्या शेंगदाण्यांचा वास. काहीही द्यायला तयार आहे मी त्यासाठी.

मग ती कॅसेट आली. गोविंदकाकांनी ती मुंबईहून मागवली होती आणि दोन दिवस आधीपासून गुप्तता पाळली होती. आठ हातांचाच राक्षस, आम्ही पूर्वी पाहिलेलाच सिनेमा, पण कुणीतरी त्यात हिंदी भरलेलं. सगळ्यांना आनंद देण्याचा त्यांचा हेतू, त्यात खोट काही नव्हती. आबा नेहमीप्रमाणे पाटावर बसले. सिनेमा सुरू झाला आणि चष्मेवाला स्वच्छ हिंदीत बोलायला लागला. खोलीत कुजबुज झाली, माणसं आनंदाने पुढे सरकली. आबांनी ती हालचाल पाहिली, त्यांना वाटलं लोक रंगात आले आहेत, आणि त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. टीव्हीतून कप्तान म्हणाला, "इस दानव को ज़िंदा नहीं छोड़ना है." त्याच वेळी आबा त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या त्याले. त्यानी चूक नही शे." त्याची चूक नाही.

सगळ्यांत आधी हसले ती मी. मला वाटलं आबा मुद्दाम करताहेत. इतकी अचूक उलटी गंमत दुसऱ्या कुणाला सुचली असती? माझ्यामागून सगळी खोली हसली. आबाही जरा हसले, कारण लोक हसत होते. पुढचं वाक्य, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला हसू विरळ झालं. गोविंदकाका आबांकडे विचित्र बघायला लागले. आबा एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे पाहत होते, पण कुणाच्याच ओठांवर काही नव्हतं. सगळे कान देऊन ऐकत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागून हाक मारली की आबा कधीच ओ देत नसत, आम्ही म्हणायचो तंद्री लागली. जेवताना ते माझ्या तोंडाकडे एकटक बघायचे, मला वाटायचं किती मन लावून ऐकतात. मायला सगळं ठाऊक होतं आणि तिने ते तोंडावर येऊ दिलं नव्हतं, कारण आमच्यात एकदा माणसाला बहिरा म्हटलं की त्याचा शब्द कुणी धरत नाही, मग साक्षीला तरी कोण बोलावणार.

मी कमलकडे वळले. मोठ्याने बोलायची सोय नव्हती, म्हणून शाळेत बोलायचो तसं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "आबा बहिरा शे का व?" आणि मघाचं हसू माझ्या तोंडावर अजून तसंच होतं. मान वळवली तर आबा माझ्याकडेच पाहत होते. पंचवीस माणसांच्या त्या खोलीत, टीव्हीच्या गोंगाटात, बिनआवाजी बोललेलं ते एकच वाक्य फक्त त्यांना कळलं होतं. राक्षसाने तोंड उघडलं होतं आणि आबा त्याच्या वतीने काही बोलले नाहीत. ते उठले, नळाला पाणी येईल, हंडे भरायचे आहेत असं गोविंदकाकांना सांगितलं, आणि माणसांच्या मांड्यांमधून पाय टाकत बाहेर गेले.

मी त्यांच्यामागे गेले नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी शेवटपर्यंत बसले. राक्षसाला विजेचा झटका देऊन मारलं, कप्तानाने टोपी काढली, आणि चष्मेवाला विज्ञानाच्या विजयाबद्दल काहीतरी बोलला. तो सिनेमा जसा होता तसा मी पहिल्यांदाच पाहत होते. इतका टुकार सिनेमा मी आयुष्यात पाहिला नाही. बोलण्यात एक धड वाक्य नाही, राक्षस कुठून आला, त्याला काय हवं होतं, याची कुणाला पडलेली नाही. डोळ्यांसमोर नुसती तार लोंबत होती.

पुढच्या सुट्टीला गोविंदकाका स्वतः बोलवायला आले. ओट्याशी उभे राहून, आबांना दिसेल असं तोंड नीट हलवत म्हणाले, हिंदीत काही मजा नाही, आवाज बंद करून लावतो, तुम्ही सांगा. भला माणूस. गल्लीत त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही, शेठच्या कानावर जाऊ दिलं नाही. पण आबा पुन्हा कधी त्या पाटावर बसले नाहीत. आजही मी असले सिनेमे लावले की आवाज बंद करते. सून येऊन विचारते, टीव्ही बिघडला का. नाही ग, म्हणते. ओठांकडे बघत बसते. कधी कधी त्या कप्तानाच्या तोंडात काय घालायचं ते मला सुचतं, पण आबांना सुचायचं तसं नाही सुचत.

आबा पाटावरून उठून गेले त्या आठवड्यातली एक गोष्ट सांगायची आहे. ज्या माणसाला ओठांवरून ऐकू येतं, त्याला ऐकायचं नसेल तर तो फक्त पाहणं सोडतो. आबा माझ्याशी रागावले नाहीत, अबोला धरला नाही, भाकरी वाढली तर ताट पुढे केलं. पण माझ्या तोंडाकडे बघेनात. मी समोर उभी राहिले की त्यांची नजर माझ्या खांद्यावरून ओट्यापलीकडे जायची. मी बोलले, रडले, पाया पडले; पाया पडले तेव्हा डोक्यावरून हात फिरवला, पण बघितलं नाही. आमचं सगळं बोलणं त्या एका नजरेवर चाललेलं होतं हे मला तेव्हा समजलं. वाटायचं, आता हे असंच राहणार. मी मोठी होईन, सासरी जाईन, आणि आबा माझं काही ऐकणार नाहीत.

शेवटी मी डब्याच्या वेळेला ते केलं. नेहमी डबा दारापाशी ठेवून मी मागे फिरायची. त्या दिवशी सरळ आत गेले, दोन रांगा ओलांडून, आणि आबांच्या मागांपलीकडे जाऊन उभी राहिले. ते धोट्यात कांडी भरत होते. डावा हात मागाच्या चौकटीवर ठेवलेला. नंतर मायने सांगितलं, काही बिघडलं तर त्यांना ते हातालाच कळायचं. कारखान्यात कुणी समोर उभं राहिलं तर त्याच्या तोंडाकडे बघायचंच, ही कारीगराची सवय. काय तुटलंय, कुठे आग लागली आहे, कोण जाणे. आबांनी मान वर केली आणि पाहिलं. त्या खाडखाडीत मी आवाज न काढता म्हटलं, "आबा, चुकनं मनं." चुकलं माझं. आणि ते नजर वळवतील या भीतीने घाईघाईने पुढे विचारलं, "कव्हयपासून आयकू येत नही?"

आबा पाहत राहिले. धोटा एकदा, दोनदा, कितीदा तरी इकडून तिकडे गेला. मग त्यांनी हातानेच उंची दाखवली, माझ्या कमरेच्या जरा वर. तू एवढी होतीस तेव्हापासून. आणि त्यांचे ओठ हलले, सावकाश, मला एकही शब्द चुकू नये म्हणून.

"मोठी व्हयेल शोभाना आवाज कसा शे, माले माहीत नही. मना कानम्हा तू आजून तीन वरीसनीच शे."

आणि ते हसले. मग पलीकडच्या मागावर तार तुटली, तिकडे वळले.

आबांना जाऊन खूप वर्षं झाली. माझा आवाज आता घोगरा झाला आहे, फोनवर लोक मला काका म्हणतात. मला तो तीन वर्षांचा आवाज कसा होता ते आठवत नाही. मायलाही शेवटी शेवटी आठवत नव्हता. तो फक्त आबांजवळ होता, आणि मी कुठलंही बोलणं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, शाळेचं, लग्नाचं, बाळंतपणाचं, विधवा झाल्याचं, तरी त्यांना ते त्याच आवाजात ऐकू आलं असणार. ज्या दिवशी आबा गेले त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून, आवाज न काढता, बराच वेळ बोलत होते. डोळे मिटलेले होते त्यांचे.